फोनवरून घेतलेला निर्णय

नमस्कार मंडळी. संक्रांतीच्या तिळगुळावर शेवटच्या आजारपणातल्या उपचारांचा विषय काढते आहे, रागावू नका. इथे परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचं कुणी ना कुणी पुण्यात, कोथरूडला नाहीतर सिंहगड रोडला आहे, थकलेलं.

बाबा पुण्यात आयसीयूत होते, वय ८४. दादाने फोनवर विचारलं, "व्हेंटिलेटर लावायचं का?" मी म्हणाले, "जे शक्य आहे ते सगळं करा." मी पोचेपर्यंत चार दिवस गेले. नळी उपसू नये म्हणून बाबांचे हात कॉटला बांधलेले होते. चारही रात्री वहिनी बाहेरच्या बाकावर होती. तिला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. बाबांना काय हवं होतं, हे तर आम्ही कधीच विचारलं नव्हतं.

इच्छामरण म्हटलं की आपल्याला इंजेक्शन आठवतं. ते भारतात आजही गुन्हा आहे. बरं होण्याची आशा संपल्यावर यंत्र न लावणं किंवा काढून घेणं वेगळं. त्याची वाट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अरुणा शानभागांच्या खटल्यात उघडली. त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका; १९७३ मधल्या हल्ल्यानंतर तिथेच अचेत अवस्थेत पडून होत्या. त्यांचं अन्न थांबवावं असा अर्ज होता. केईएमच्या परिचारिकांनी ठाम विरोध केला. ३७ वर्षं भरवणारे, कूस बदलणारे हात त्यांचेच होते. न्यायालयाने अर्ज फेटाळला, त्यांचं ऐकलं; पण काटेकोर अटींवर असे उपचार थांबवता येतील, असंही त्याच निकालात सांगितलं. अरुणाताई मे २०१५ मध्ये न्यूमोनियाने गेल्या. त्या परिचारिकांशी कुणी सहमत असो वा नसो, जो उशाशी बसतो त्याला आधी विचारायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

डॉक्टरही कचरतात. उद्या परदेशातून कुणी येऊन "उपचार का थांबवले?" म्हणून भांडेल, ही धास्ती असते. ते भांडणारे आपणच असतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे आपल्याला सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. तरीही यंत्र काढण्याआधी डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात, त्यामुळे "घरच्यांनी घाई केली तर?" या भीतीलाही उत्तर आहे.

गेल्या डिसेंबरात पुण्याला गेले, तेव्हा आईला विचारलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "बरं झालं विचारलंस. मला नळ्या नकोत, पण दुखू देऊ नका." आम्ही कागद केला. आपल्या वतीने निर्णय कुणी घ्यायचा, तिथे तिने वहिनीचं नाव घातलं, माझं नाही. मी काही बोलले नाही. रात्री बाकावर वहिनीच असणार आहे.