लंडनची सही आणि पांगलाँगची सही

नमस्कार मंडळी, रत्नागिरीचा थिबा पॅलेस तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल. ब्रह्मदेशच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, शेवटच्या राजाला इंग्रजांनी 1885 ला गादीवरून काढलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं, तर तो देश स्वतंत्र कसा झाला ते आज सांगतो.

महायुद्ध संपलं तसे इंग्रज परत आले, म्हणाले अजून काही वर्षं गव्हर्नरचाच कारभार चालेल. पण सप्टेंबर 1946 मधे रंगूनचे पोलीसच संपावर गेले, पाठोपाठ बाकीची सरकारी खाती, सगळं ठप्प, आणि ज्या हिंदी सैन्याच्या जोरावर हा देश धरून ठेवला होता तेही आता वापरता येईना कारण दिल्लीत नेहरूंचं हंगामी सरकार आलेलं. शेवटी नवे गव्हर्नर रान्स यांनी आँग सानना सरकारात घेतलं. आँग सान म्हणजे तिथल्या स्वातंत्र्य चळवळीचे पुढारी, सू चींचे वडील, वय फक्त 31!

जानेवारी 1947 मधे ते लंडनला गेले, जाताना दिल्लीत नेहरूंना भेटले. पंधराएक दिवस बोलणी चालली आणि 27 तारखेला ब्रिटनचे पंतप्रधान अ‍ॅटलींबरोबर करार झाला, एप्रिलमधे घटना समितीची निवडणूक आणि तोवर आँग सान यांचंच मंत्रिमंडळ. बरोबर गेलेल्या ऊ सॉ आणि बा सेन या दोन पुढाऱ्यांनी मात्र सही केलीच नाही.

मला विचाराल तर खरं अवघड काम पुढेच होतं. डोंगराळ मुलखातले शान, काचिन, चिन लोक आपल्या मर्जीने आले तरच एक देश, असं ठरलेलं. मग पांगलाँग नावाच्या गावात आँग सान त्यांच्याशी बोलायला बसले, अंतर्गत कारभार तुमचा तुम्ही बघा असा शब्द दिला आणि 12 फेब्रुवारीला सह्या झाल्या. करेन या आणखी एका वांशिक गटाची सही त्यात नव्हती.

19 जुलैला मंत्रिमंडळाची मीटिंग चालू असताना बंदूकवाले आत घुसले, आँग सान आणि त्यांचे काही सहकारी मारले गेले. त्या ऊ सॉनेच हे घडवून आणलं, पुढे तो फासावर गेला. रान्सनी त्याच दिवशी आँग सानांचे सहकारी ऊ नू यांना बोलावून सरकार सोपवलं आणि ऑक्टोबरमधे त्यांनी अ‍ॅटलींबरोबर शेवटचा करार केला. ज्योतिषांनी काढलेल्या मुहूर्तावर, 4 जानेवारी 1948 ला पहाटे 4:20 ला देश स्वतंत्र झाला, कॉमनवेल्थमधेही राहिला नाही. जेमतेम वर्ष उलटलं आणि करेन लोकांचं बंड पेटलं.