सातबाऱ्याकडे बघायचं कुणी?

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

वडील जाऊन वर्षं लोटली, जमीन मुलगा कसतो, आणि सातबाऱ्यावर नाव अजून वडिलांचंच. असं घर नाही असं गाव सापडणं कठीण. पीक कर्जाला गेलं की बँक अडवते, रस्त्यात जमीन गेली की मोबदल्याची नोटीस मयताच्या नावाने निघते. मग राग निघतो तलाठ्यावर, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यावर. काही वेळा तो राग रास्तही असतो. पण वारसा हक्काने जमीन मिळाली की तीन महिन्यांत तशी वर्दी, म्हणजे खबर, द्यायची, हे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 149 ने खातेदारावर टाकलेलं काम आहे. 2025 मध्ये शासनाला ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली, ती अशा न दिलेल्या वर्द्यांचा ढीग साठला म्हणूनच. खरेदीखत नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून वर्दी आपोआप जाते. मृत्यूची तशी जात नाही.

वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते, मयताशी नातं आणि प्रतिज्ञापत्र एवढं लागतं. अर्ज ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या करता येतो किंवा सजाच्या, म्हणजे तलाठ्याच्या, कार्यालयात देता येतो. हाती दिलात तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर सहा महिन्यांनी ‘अर्जच आला नाही’ या उत्तरापुढे तुमच्याकडे बोलायला काही उरत नाही. पोच असली तर उत्तर त्यांना द्यावं लागतं.

या अर्जात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो बहिणींच्या नावांवरून. ‘ती सासरी सुखी आहे, तिचं कशाला,’ म्हणून नाव गाळायचं, ही चाल अजून गेलेली नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. नाव गाळून केलेली नोंद पुढे अपिलात टिकत नाही, आणि मधल्या काळात घेतलेलं कर्ज, केलेला व्यवहार, सगळं अडकतं. बहिणीला खरंच हिस्सा नको असेल तर आधी तिचं नाव लागू द्या, मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. साध्या कागदावरच्या संमतीला किंमत नाही.

अर्जानंतर वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6-क मध्ये, नावं येतात, चौकशी होते, आणि मग गाव नमुना 6 ला फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, धरला जातो. संबंधितांना नोटीस निघते. हरकतीला 15 दिवस. कोतवालाने आणलेली ही नोटीस दारातच सही करून फळीवर ठेवायची आपल्याकडे सवय आहे. ती वाचा. गट नंबर तोच आहे का, क्षेत्र तेवढंच आहे का, कुणाचं नाव राहिलं का, एवढं पाहायला पाच मिनिटं पुरतात. चूक दिसली तर त्याच मुदतीत लेखी हरकत द्या. एकदा मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली की पुढचा रस्ता प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अपिलाचा, आणि त्याला मुदत 60 दिवसांची.

आता सातबाराच हातात घ्या. महाभूलेखवर तो फुकट बघता येतो. डिजिटल स्वाक्षरीची, सगळीकडे चालणारी प्रत 15 रुपयांत निघते. वरचा भाग नमुना सात, म्हणजे हक्क, आणि खालचा नमुना बारा, म्हणजे पिकं. आपलं नाव दिसलं की कागद घडी घालून खिशात जातो. खरी गोम मात्र असते ‘इतर अधिकार’ या रकान्यात. सोसायटीचं कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी बोजा, म्हणजे त्या कर्जाची नोंद, तिथेच असतो, कारण फेडल्यावर निल दाखला, म्हणजे बाकी नसल्याचा दाखला, घेऊन तो उतरवायचा अर्ज कुणी दिलेला नसतो. बोजा चढवताना बँक धावते. उतरवताना ती धावत नाही. तसंच ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्त्याचं. मुलगा चाळिशीला आला, तरी कागदावर तो अज्ञान, म्हणजे अल्पवयीनच. वयाचा पुरावा जोडून अर्ज केला की हा शेरा निघतो.

नावात काना-मात्रेची, क्षेत्रात आकड्याची चूक संगणकीकरणाच्या वेळी अनेक ठिकाणी शिरली. अशा लेखनप्रमादासाठी कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा, सोबत जुना हस्तलिखित सातबारा आणि संबंधित फेरफाराची नक्कल जोडायची. नुसतं तोंडी ‘चुकलंय’ म्हणून भागत नाही. क्षेत्र जुळवताना एक ध्यानात ठेवा: कागदावर हेक्टर-आर असतं, आपण बोलतो एकर-गुंठ्यात. एकर म्हणजे साधारण 40 आर. 1 हेक्टर 20 आर म्हणजे तीन एकराच्या थोडं आत. या हिशेबात गफलत झाल्याने भावकीत उगाच तंटे उभे राहिलेले आहेत.

राहिला नमुना बारा. 2021 पासून ई-पीक पाहणीत पेरा आपणच मोबाईलवर नोंदवायचा आहे. फोटो गटाच्या हद्दीत उभं राहून, उभ्या पिकाचा काढायचा. घरी ओट्यावर बसून नोंद होत नाही, आणि शेजाऱ्याच्या बांधावरून काढला तर गट चुकतो. आंतरपीक असेल तर दोन्ही पिकांचं क्षेत्र वेगवेगळं टाका. हमीभाव केंद्रावर तूर, हरभरा, सोयाबीन घालायला पेऱ्याची नोंद मागतात. सातबाऱ्यावर तूर नसेल तर पोती भरलेली असूनही नोंदणी होत नाही. विहीर, बोअर, फळझाडं यांचीही नोंद तपासून घ्या. उद्या जमीन संपादनात गेली तर विहिरीच्या आणि झाडांच्या मोबदल्याला तीच आधार. खरिपाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी सर्व्हर हमखास रखडतो, तेव्हा पीक वीतभर झालं की नोंद उरकून टाका. नमस्कार.