खडूचा नकाशा आणि सात मिनिटं

[काळोख, शिट्टीचा आवाज, मग बॅटऱ्यांचे झोत]

रात्रीचे साडेबारा वाजलेत. कोरेगाव तालुक्यातलं गाव आहे, नाव सांगत नाही कारण गावकऱ्यांनीच नको म्हटलंय. हे समोरून शिट्टी वाजवत चाललेत ना, ते पोलीस नाहीत, गस्तवाले आहेत. सहा जण. चौघांकडे काठ्या, एकाच्या हातात उसाचं कांडं, ते तो अर्धं खाऊन बसलाय, आणि सगळ्यात मागं मफलर गुंडाळलेले जे आप्पा दिसतायत त्यांच्या खांद्याला बारा बोरची डबल बार.

लायसनची आहे. आप्पा फौजेतनं रिटायर झाले आणि मग एका बँकेच्या दारात गनमॅन म्हणून उभे राहिले, ती बंदूक तेव्हाची. आता बँक सुटली, बंदूक राहिली. इलेक्शन लागलं की आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची, आप्पा म्हणतात एवढाच तिचा प्रवास.

साताऱ्यात घरात फौजी असणं आणि फौजीकडं बंदूक असणं ह्यात कुणाला नवल वाटत नाही. आपशिंगे मिलिटरी इथलंच, पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचं स्मारक त्या गावात आहे. हत्यार कसं धरायचं, पुसायचं, कुठं ठेवायचं हे इथं सांगावं लागत नाही. आप्पांनी आम्हाला कॅमेऱ्यासमोर ती उघडून दाखवली, दोन्ही नळ्या रिकाम्या. काडतुसं घरी कपाटात, किल्ली मावशींकडं. "मग आणताच कशाला?" असं विचारलं तर म्हणाले, "दिसायला."

पण गस्तीतली तरणी पोरं वेगळं बोलत होती. गेल्या महिन्यात विहिरीवरची केबल कापून नेली, त्याच्या आधी कुणाची तरी मोटर गेली. त्यातला एक जण शेकोटीपाशी बसून म्हणाला, ते तुम्ही ऐकाच, "आपल्याकडं कायदा चोराच्या बाजूनं हाय. अमेरिकेत बघा, संशय आला की डायरेक्ट ठोकायचं, केससुदा व्हत नाय."

हे वाक्य आमच्या डोक्यात बसलं. त्याच आठवड्यात साताऱ्यातल्या एका लॉ कॉलेजची पोरं अमेरिकेतल्या अशाच एका केसवर अभिरूप न्यायालय, म्हणजे सरावाचा खटला, बसवणार होती आणि आम्हाला शूटिंगला बोलावलं होतं. म्हणून हे दोन्ही एकात आलं, नाहीतर हा व्हिडिओ नुसता गस्तीवर होता.

[हॉल, दुपार, वरून दिसणारा खडूचा नकाशा]

हे बघा. हे मी आधी स्टूलवर आणि मग टेबलावर स्टूल ठेवून शूट केलंय, त्यामुळे थोडं हललंय. फरशीवर जे पांढरं दिसतंय ते अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातलं सॅनफर्ड नावाचं शहर, म्हणजे त्यातली एक कॉलनी. रिट्रीट ॲट ट्विन लेक्स. गेट असलेली, एकाला एक चिकटून बांधलेल्या घरांची. चार पोरापोरींनी सकाळी नवाला बसून काढायला घेतली ती दुपारी दोनला संपली, खडूच्या दोन पेट्या गेल्या. शिपाईमामा तीन वेळा येऊन बघून गेले, फरशी कोण पुसणार हा त्यांचा एकच प्रश्न होता, आणि तो बरोबर पण होता.

इथं मुख्य रस्ता. हे क्लबहाऊस. आणि हे मधोमध इंग्रजी टी सारखं आहे ती घरांच्या पाठीमागनं जाणारी पायवाट, लोक कुत्री फिरवतात तिकडं. नीट लक्षात ठेवा ही टी.

२६ फेब्रुवारी २०१२, रविवार, संध्याकाळ, तिकडं पाऊस पडत होता. ट्रेव्हॉन मार्टिन, वय १७, काळा मुलगा, वडिलांबरोबर ह्या कॉलनीत पाहुणा म्हणून आलेला. दुकानात जाऊन खाऊ घेऊन परत येत होता. स्किटल्सच्या गोळ्या आणि एक ज्यूसचा डबा. पोरांनी पोवई नाक्यावर स्किटल्स शोधल्या, मिळाल्या नाहीत, म्हणून हे जेम्सचं पाकीट. अंगात हुडी, टोपी डोक्यावर, पाऊसच होता. इथं ट्रेव्हॉन झालेला पोरगा पाटणचा आहे, त्यानं स्वतःचं पावसाळी जर्किन घातलंय.

आणि हा दुसरा, जॉर्ज झिमरमन, वय २८. कॉलनीच्या गस्तीचा प्रमुख. हो, गस्तच, तिकडं नेबरहूड वॉच म्हणतात. कॉलनीत चोऱ्या झालेल्या होत्या हे पण खरं. तो स्वतःच्या गाडीत होता आणि कमरेला ९ एमएमचं पिस्तूल. लायसनचं.

७ वाजून ९ मिनिटांनी तो पोलिसांना फोन लावतो, की एक संशयित माणूस फिरतोय, पावसात, घरांकडं बघत बघत. हे संभाषण रेकॉर्ड झालेलं आहे, कोर्टात वाजवलेलं आहे, आणि पोरांनी त्याचं मराठी करून हॉलमध्ये मोठ्यानं वाचलं. पलीकडचा फोन घेणारा पोलिसांचा ऑपरेटर झालेली मुलगी खिडकीपाशी उभी राहून बोलते, इतक्या थंड आवाजात की आम्हाला परत टेक घ्यावा लागला नाही. पोरगा पळाला असं झिमरमन सांगतो. गाडीचं दार उघडल्याचा आवाज येतो, वारा येतो फोनमध्ये. पलीकडून विचारतात, पाठलाग करताय का त्याचा? तो म्हणतो हो. पलीकडून सांगतात, आम्हाला त्याची गरज नाही. तो म्हणतो ओके.

आता कॅमेरा फरशीवर. झिमरमन झालेला पोरगा गाडी म्हणून ठेवलेल्या बाकावरून उठतो आणि खडूच्या रेषेवरून चालायला लागतो. एक, दोन, तीन, चार पावलं. हा शॉट मी कापला नाही. एडिटिंग करणारा मित्र म्हणाला लांब होतोय. होऊ दे.

त्या टी पाशी दोघांची गाठ पडली. आधी कोण कुणाच्या अंगावर गेलं ह्यावर सगळी केस उभी राहिली. झिमरमनचं म्हणणं, त्यानंच मला पाडलं, नाकावर मारलं, डोकं सिमेंटवर आपटलं, म्हणून मी गोळी झाडली. त्याचं नाक मोडलेलं होतं, डोक्यामागं जखमा होत्या, फोटो आहेत त्याचे. शेजारच्या एकीनं केलेल्या फोनमध्ये मागनं कुणीतरी मदतीला ओरडतंय, ती किंकाळी आपल्याच मुलाची आहे असं दोन्हीकडच्या आईबापांनी कोर्टात शपथेवर सांगितलं. ७ वाजून १६ मिनिटांनी एकच गोळी, छातीत, अगदी जवळनं. ट्रेव्हॉनचं मुक्कामाचं घर हाकेच्या अंतरावर होतं. ट्रेव्हॉनकडं हत्यार नव्हतं.

सात मिनिटं. एवढंच.

पुढं हे बघा, गादीचा सीन. खऱ्या खटल्यात सरकारी वकिलानं फोमचा पुतळा आणला होता, त्याच्यावर पाय टाकून बसून दाखवलं की कोण कुणाच्या वर होतं, आणि मग बचावाच्या वकिलानं तोच पुतळा मागून घेऊन उलटं दाखवलं. पोरांनी हॉस्टेलची गादी गुंडाळून दोरीनं बांधलीय. खाली असलेल्या माणसाचा हात कमरेपर्यंत पोचतो का, वरच्याला पिस्तूल दिसेल का, अंधारात दिसेल का, अर्धा तास हेच चाललं होतं. तीन वेळा दोरी सुटली. हसू पण आलं सगळ्यांना, ते आम्ही ठेवलंय.

आता कायदा. फ्लोरिडानं २००५ साली केलेला तो गाजलेला कायदा, स्टँड युवर ग्राउंड, म्हणजे जिथं तुमचं असणं बेकायदा नाही तिथं जिवावर आलं तर आधी मागं सरायची सक्ती नाही, उभे राहा आणि मारा. आपल्या गस्तीतल्या पोराला वाटतं तसा तो संशयावर ठोकायचा परवाना नाही, कागदावर तरी. पण पोलिसांनी त्या रात्री झिमरमनला चौकशी करून सोडून दिलं, स्वसंरक्षण नाकारायला पुरावा नाही म्हणाले, आणि सहा आठवडे अटक नाही. देशभर माणसं हुडी घालून रस्त्यावर उतरली तेव्हा ११ एप्रिलला गुन्हा लागला, सेकंड डिग्री मर्डरचा, म्हणजे आधी न ठरवता केलेल्या खुनाचा. गंमत म्हणजे बचावाच्या वकिलांनी त्या कायद्याखालची खास सुनावणी मागितलीच नाही, साधं स्वसंरक्षण मांडलं. तरी ज्युरीला वाचून दाखवलेल्या सूचनांमध्ये मागं सरायची गरज नाही हे वाक्य होतंच. आणि तिथं स्वसंरक्षण नव्हतं हे सरकारला सिद्ध करावं लागतं, निःसंशय. मेलेला माणूस बोलायला येत नाही, म्हणजे ते किती अवघड असेल बघा.

१३ जुलै २०१३ ला सहा बायकांच्या ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं, ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर, काळ्यांच्या जिवालाही किंमत आहे, हे शब्द त्यानंतरचे.

[मुलगी फळ्यापाशी, कलमं लिहिताना]

ही मुलगी तासगावची, तिसऱ्या वर्षाला आहे, आणि आमच्या मते ह्या व्हिडिओतला सगळ्यात कामाचा भाग हिचा आहे. ती फळ्यावर लिहिते ते आपल्याकडचं. जुन्या आयपीसीत, म्हणजे भारतीय दंड संहितेत, कलम ९६ ते १०६, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४. स्वतःचं शरीर, दुसऱ्याचं शरीर, मालमत्ता, सगळ्याच्या बचावाचा हक्क आपल्याला आहेच. पळून जा असं आपला कायदा पण म्हणत नाही. कलम ३८ बघा, जिवाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल, बलात्कार, अपहरण, ॲसिड, तर समोरच्याचा जीव गेला तरी हक्क शाबूत. कलम ४१, मालमत्तेसाठी, पण त्यात जबरी चोरी आहे, सूर्यास्तानंतरची घरफोडी आहे, राहत्या घराला आग लावणं आहे. साध्या चोरीला तेव्हाच, जेव्हा त्यातनं जीव जाईल किंवा जबर इजा होईल अशी भीती असेल.

म्हणजे विहिरीवरची केबल कापून पळणारा त्यात बसत नाही. पाठमोऱ्या माणसाला गोळी घातली तर नाहीच नाही.

आणि मग कलम ३७, हे तिनं दोनदा अधोरेखित केलंय. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. चांगल्या हेतूनं बचाव करताना हद्द ओलांडली तर खून धरत नाहीत, सदोष मनुष्यवध धरतात, तुरुंग आहेच. सिद्ध करायचं ओझं पण आरोपीवर, फक्त सरकारइतकं पक्कं नाही, शक्यता आपल्या बाजूनं झुकली तरी चालतं.

सुप्रीम कोर्टाची २०१० ची दर्शन सिंग केस तिनं सांगितली. पंजाब, जमिनीचं भांडण, समोरच्यानं बापाच्या डोक्यात गंडासा, म्हणजे लांब दांड्याचं पातं, घातला म्हणून मुलानं बंदूक चालवली, माणूस गेला. खालच्या कोर्टानं सोडलं, हायकोर्टानं शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टानं परत सोडलं. जीव धोक्यात असलेला माणूस तराजू घेऊन वार मोजत नाही, हे कोर्टाला कळतं. म्हणजे कायदा चोराच्या बाजूनं नाही. पण तिथं आधी घाव बसला होता.

"मग सॅनफर्डमध्ये ३७ लावलं तर?" असं परीक्षक म्हणून बसलेल्या वकील सरांनी विचारलं. ती म्हणाली, सर, तो गाडीत होता. फोन लागलेला होता. पोलीस निघालेले होते.

अभिरूप न्यायालयाचा निकाल काय लागला ते आमच्याकडं नाही, तोवर कॅमेऱ्याची बॅटरी गेली होती. शिपाईमामा ओल्या फडक्यानं टी पुसतात तेवढं मोबाईलवर घेतलं.

[परत गाव, पाऊस]

दुसऱ्या रात्री परत गस्तीवर गेलो. पावसाची भुरभुर सुरू झाली होती. पावणेएकला उसाच्या कडेनं कुणीतरी चालत येताना दिसलं, जर्किनची टोपी डोक्यावर, मान खाली. फ्रेममध्ये तुम्हाला फक्त मोबाईलचा उजेड हलताना दिसेल. शिट्टी वाजली. पोरं पुढं सरकली, एकानं काठी उचललीसुद्धा, आणि आप्पांनी हात आडवा घातला. "कोन हाय रं तू? नाव सांग."

"म्या हाय आप्पा, सेकंड शिफ्टवरनं आलोय. गाडी पंक्चर झालीया."

जत तालुक्यात लवंग्याला सप्टेंबर २०२२ मध्ये चार साधूंनी एका पोराला रस्ता विचारला होता, पोरं पळवणारी टोळी समजून लोकांनी गाडीतनं ओढून काढून बेदम मारहाण केली होती त्यांना. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल.

शेकोटीपाशी त्या पोरालाच चहा दिला सगळ्यांनी. अमेरिकेचं बोलणारा गडी गप्प होता, का ते विचारलं नाही. तासगावच्या मुलीनं फळ्यावर लिहिलेलं आम्ही त्यांना मोबाईलवर दाखवलं. आप्पांनी चष्मा लावून ३७ वाचलं, मग परत वाचलं.

हा शेवटचा शॉट देवळातल्या फळ्याचा, सकाळी सातला घेतलेला. गस्तीच्या पाळ्या लिहिल्यात, वारावार नावं. खाली नवीन खडूनं लिहिलंय, कुणी दिसलं तर आधी आवाज द्यायचा, मग ११२, मग ग्राम सुरक्षा यंत्रणेचा फोन लावायचा म्हणजे सगळ्यांच्या मोबाईलवर एकदम जातो. पाठीमागं लागायचं नाही. आणि गुरुवारच्या नावांमध्ये आप्पांच्या नावापुढं कंसात लिहिलंय, बंदूक घरी.