त्याच्याकडे चेंडू मारू नका

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर बोलणाऱ्याला घसा बसण्याची भीती असतेच, पण त्याहून मोठी भीती शांततेची. दोन-तीन सेकंद नुसते गेले तरी काचेपलीकडचा तंत्रज्ञ मान वर करून बघतो. आज मी मुद्दाम थांबणार आहे, आणि तशी कल्पना त्याला देऊन ठेवली आहे. जवळ घड्याळ असेल तर सेकंदकाट्याकडे बघा.

(१४ सेकंद शांतता)

झालं. १४ सेकंद. रेडिओ बिघडला की काय, असं वाटलं ना? तर एवढ्याच वेळात, ४ फेब्रुवारी २००७ रोजी, मायामीजवळच्या मैदानावर डेव्हिन हेस्टर नावाच्या २४ वर्षांच्या पोराने सामन्याचा पहिलाच चेंडू झेलला, तो ९२ यार्ड पळत नेला आणि सहा गुण केले. ९२ यार्ड म्हणजे आपले ८४ मीटर. मोकळ्या रस्त्यावर नव्हे, अकरा दांडगे गडी अंगावर येत असताना. आणि सामना होता सुपर बोल, अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना. सुपर बोलच्या पहिल्याच किकवर टचडाउन, असं त्याआधी कधीच झालं नव्हतं.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी दोन शब्द सांगतो, सगळं नियमपुस्तक उघडत नाही. नावात फुटबॉल असला तरी पायाचं काम थोडंच. १०० यार्डांचं मैदान आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांची पट्टी, तिला एंड झोन म्हणतात. चेंडू घेऊन समोरच्या पट्टीत शिरलात की टचडाउन. सामना सुरू होताना किंवा गुण झाल्यावर एक संघ चेंडू लाथेने लांब उडवून दुसऱ्याकडे देतो, तो किकऑफ. पुढे सरकणं जमेना म्हणून नाइलाजाने उडवतात, तो पंट. हा आलेला चेंडू झेलून उलटा मुसंडी मारत येतो तो रिटर्नर. सामन्यात त्याच्या वाट्याला अशा संधी चार-सहा, कधी त्याहूनही कमी. बाकीचा वेळ बाकावर.

काम थोडं, पण जरा त्याच्या जागी उभे राहून बघा. पंट हवेत चार-साडेचार सेकंद असतो. दोन्ही टोकांना निमुळता चेंडू गिरक्या घेत खाली येतोय, तुमची नजर आभाळात. त्याच वेळी समोरून गडी सुटलेले असतात. त्यांतल्या सगळ्यांत कडेच्या दोघांना गनर म्हणतात. त्यांचं काम एकच, तुम्हाला चेंडूसकट आडवं करायचं. ते तुम्हाला धड दिसत नाहीत, पावलं तेवढी ऐकू येतात. हात वर करून हलवलात तर तो फेअर कॅच: कुणी अंगाला हात लावायचा नाही, पण तुम्हालाही पळता येत नाही. हात हलवला नाहीत आणि झेल सुटला, तर समोरचे तो चेंडू उचलायला टपलेलेच. क्रिकेटमध्ये उंच झेल घेताना आपलाच दुसरा क्षेत्ररक्षक समोरून धावत येताना जाणवला तरी पोटात गोळा येतो. इथे येणारे ठरवूनच येतात.

हेस्टर फ्लोरिडातल्या रिव्हिएरा बीचचा, जन्म १९८२चा. मायामी विद्यापीठात त्याला बचावात खेळवून पाहिलं, आक्रमणात खेळवून पाहिलं, पण गड्याची हक्काची जागा काही ठरेना. २००६च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडून घेतात त्या निवडीत, शिकागो बेअर्सनी त्याला ५७व्या क्रमांकावर घेतलं. कागदावर तो कॉर्नरबॅक, म्हणजे बचावातला. जागा नसलेल्या खेळाडूवर एवढ्या वरची निवड कशाला खर्च करायची, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं. पहिल्याच सामन्यात, आणि तोही हाडवैरी ग्रीन बे पॅकर्सच्या मैदानावर, त्याने ८४ यार्डांचा पंट परतवून टचडाउन केलं. मग ती कुजबुज थांबली.

त्या पहिल्या मोसमात असे टचडाउन सहा. त्यांतला माझा सगळ्यात आवडता न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धचा, नोव्हेंबर २००६मधला. जायंट्सनी ५२ यार्डांवरून गोल मारायचा, म्हणजे चेंडू लाथेने दोन खांबांमधून उडवायचा प्रयत्न केला, तो तोकडा पडला. हेस्टरने एंड झोनच्या आत, पार मागे चेंडू झेलला आणि दोन-चार पावलं अशी टाकली, की जणू जेवण झाल्यावर अंगणात शतपावली चालली आहे. जायंट्सना वाटलं, संपलं. ते सैल झाले. आणि हा सुटला! १०८ यार्ड. गंमत अशी, की गोल मारताना मैदानात जे गडी असतात ते आडदांड, धक्के थोपवायला ठेवलेले. पाठलाग हे त्यांचं काम नव्हे. त्या ढिल्या पावलांत हेस्टरने हा सगळा हिशेब केला होता, असं मला तरी वाटतं. कबड्डीत कसलेला चढाईपटू खांदे पाडून परत फिरल्यासारखं करतो आणि बचावपटू जरा पुढे आला की त्याला टिपतो, तीच जात.

आमच्या व्यवसायातल्या एकाचाही इथे मान आहे. शिकागोच्या रेडिओवर बेअर्सचे सामने जेफ जोनियाक सांगतात. हेस्टर पळायला लागला की त्यांचा आवाज चढत जायचा, आणि एकदा ते ओरडले, 'डेव्हिन हेस्टर, यू आर रिडिक्युलस!' मराठीत सांगायचं तर, 'अरे, तू म्हणजे कहर आहेस!' ते वाक्य शिकागोत आजही लोकांच्या तोंडी आहे. सांगणाऱ्याचे शब्द संपावेत असं खेळणं, यापेक्षा मोठी दाद आम्ही देऊ शकत नाही.

आता सुपर बोलकडे परत येतो. पाऊस पडत होता. समोर इंडियानापोलिस कोल्ट्स. त्यांचे प्रशिक्षक टोनी डंगी यांनी ठरवलं होतं, की याला भ्यायचं नाही, चेंडू सरळ याच्याकडेच मारायचा. अ‍ॅडम व्हिनातिएरीने मारला. त्या १४ सेकंदांत काय झालं ते मघाशी सांगितलंच. त्यानंतर मात्र कोल्ट्सनी शहाणपण केलं. चेंडू बुटका मारायचा, जमिनीवरून टप्पे खात जाईल असा, म्हणजे हेस्टरपर्यंत तो नीट पोहोचतच नाही. बेअर्सचा २३ नंबरचा गडी सामनाभर वाट बघत उभा राहिला. कोल्ट्सनी सामना जिंकला, २९-१७.

आणि माझ्या मते हेस्टरची खरी कारकीर्द तिथेच सुरू होते, चेंडू त्याच्याकडे यायचा थांबला तिथे. २००७मध्ये त्याने पुन्हा सहा टचडाउन केले. डेन्व्हर ब्राँकोजनी त्याच्याकडे मारायचं धाडस केलं, तर एकाच सामन्यात एक पंट आणि एक किकऑफ असे दोन्ही परतवले. मग संघ सरळ चेंडू मैदानाबाहेर मारू लागले. किकऑफ बाहेर गेला की शिकागोला फुकटात ४०व्या यार्डावरून सुरुवात मिळायची. एरवी ती तेव्हा कुठेतरी पंचविशीच्या आसपास मिळत असे. म्हणजे पंधराएक यार्ड दान करायचे, पण हेस्टरच्या हातात चेंडू द्यायचा नाही! हे दान त्याच्या नावावर कुठेच मांडलं जात नाही. आकडेवारीत फक्त झेललेले चेंडू येतात.

बेअर्सना वाटलं, एवढा वेगवान माणूस सामन्यात पाच वेळाच का वापरायचा? त्यांनी त्याला वाइड रिसीव्हर केलं, म्हणजे पास झेलणारा आक्रमक. हिशेब कागदावर बरोबर होता. पण २००८ आणि २००९ या दोन मोसमांत रिटर्नवर एकही टचडाउन नाही. दिवसभर राबवलेला बैल शर्यतीला कसा पळणार? रिसीव्हर म्हणून तो वाईट नव्हता, साधारण होता. आणि हेस्टरला साधारण करून दाखवणं, हे काही सोपं काम नव्हतं!

२०१०मध्ये तो पुन्हा परतला. डिसेंबरात मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध ६४ यार्डांचा पंट परतवला आणि पंट व किकऑफ मिळून १४ टचडाउन झाले. ब्रायन मिचेलचा १३चा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी नियम बदलला. धडकांतून होणाऱ्या दुखापती कमी व्हाव्यात म्हणून किकऑफ पाच यार्ड पुढून मारायला लागले. मग चेंडू सर्रास एंड झोनमध्ये किंवा त्याच्याही पलीकडे जाऊ लागला आणि परतवण्यासारखं फारसं उरेना. गड्यांच्या डोक्यांचा आणि गुडघ्यांचा विचार करता बदल योग्यच होता, पण हेस्टरच्या दुकानाची अर्धी फळी त्याने बंद केली.

२०१४मध्ये तो अटलांटा फाल्कन्सकडे गेला आणि टॅम्पा बेविरुद्ध ६२ यार्डांचा पंट परतवून त्याने विसावा टचडाउन केला. १४ पंट, ५ किकऑफ आणि ती जायंट्सविरुद्धची एक शतपावली. सगळ्या प्रकारे परतवलेले, म्हणजे समोरच्यांचे पास मध्येच पकडून परतवलेलेही धरले, तर एकोणीसचा आधीचा विक्रम डियॉन सँडर्सचा. सँडर्स हा हेस्टरचा आदर्श, त्याचा मार्गदर्शकही, आणि त्या रात्री टीव्हीच्या कामासाठी मैदानावर हजर. हेस्टर शेवटच्या यार्डांत सँडर्सच्याच ढंगात, गुडघे उंच उचलत, मिरवत गेला. सुपर बोलचा टचडाउन या विसात नाही बरं का. बाद फेरीचे आकडे वेगळे मोजतात.

शेवटचा सामना जानेवारी २०१७चा. सिएटल सीहॉक्सनी त्याला बाद फेरीपुरतं बोलावलं होतं आणि गाठ पडली नेमकी अटलांटाशी. वय ३४. त्याने एक पंट ८० यार्ड परत आणला, लोक उभे राहिले, आणि पंचांनी पिवळा रुमाल टाकलेला दिसला. त्याच्या एका सहकाऱ्याने कुणाला तरी धरलं होतं. धाव रद्द.

ओहायोतल्या कँटन गावी या खेळाचं हॉल ऑफ फेम आहे. पंट मारणाऱ्या रे गाय यांना तिथे २०१४मध्येच घेतलं होतं. परतवणाऱ्याला, मुख्यतः त्याच कामासाठी, पहिल्यांदा घेतलं ते २०२४मध्ये. तो हेस्टर, आणि तोही दोनदा अंतिम यादीत येऊन निवड हुकल्यावर. ३ ऑगस्टला सोहळा झाला. त्याच तुकडीत ड्वाइट फ्रीनीही होता. पावसातल्या त्या सुपर बोलमध्ये फ्रीनी कोल्ट्सकडून खेळला होता. विजेत्यांना मिळते ती अंगठी त्याच्याकडे आहे.

नमस्कार.