मडक्यातलं पाणी आणि कावळ्याचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

कावळा म्हटलं की आपल्याला तिघे आठवतात. शेणाच्या घरातला काऊ, ज्ञानदेवांच्या विरहिणीतला कोकणारा काऊ आणि दहाव्याच्या पिंडाला शिवणारा, किंवा न शिवता सगळ्यांना ताटकळत ठेवणारा कावळा. आज या तिघांनाही सुट्टी. आज चौथा, मडक्यात खडे टाकणारा.

गोष्ट इसापाच्या नावावर आहे. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीने मात्र ती घडलेली हकीकत म्हणून लिहून ठेवली. स्मारकावरच्या भांड्यात पावसाचं पाणी साचलेलं, तळाशी चोच पोचायची सोय नाही, म्हणून डोमकावळ्याने त्यात दगड टाकत नेले. तेव्हा ही थाप की खरं, हा वाद जुनाच.

आधी एक पेला घ्या. काचेचा, सरळ उभा. हरभऱ्याएवढे धुतलेले खडे घ्या. विटेचे तुकडे नकोत, ते पाणी पितात आणि हिशेब चुकतो. पाव पेला पाणी घाला आणि खडे टाकत जा. पेला खड्यांनी काठोकाठ भरतो, पण पाणी अर्ध्याच्या जरा वर येऊन थांबतं. वरचे खडे कोरडे. कावळा तहानलेलाच! आता अर्धा पेला पाणी घेऊन करा. खडे काठाखालीच असतात आणि पाणी सांडायला लागतं.

पुन्हा सांगतो. पाव पेला पाणी, कावळा तहानलेला. अर्धा पेला पाणी, कावळा पितो. कारण खडे कितीही टाका, त्यांच्या मधल्या फटींत साधारण चाळीस टक्के जागा उरतेच. शेंगदाण्यांनी भरलेल्या वाटीत पाणी ओतून पाहिलंत तर किती मावतं ते कळेल. सुरुवातीचं पाणी त्या फटींनाच पुरत नसेल, तर ते वर येणार कुठून?

आणि मडकं दहा लिटरचं, अर्धं भरलेलं असेल, तर पाणी काठाला आणायला पाच लिटर जागा दगडांनी घ्यायला हवी. सुपारीएवढा खडा साधारण चार घन सेंटिमीटरचा. म्हणजे साडेबाराशे खडे. चोचीत एका वेळी एक! पुस्तकातल्या चित्रात सात-आठ खड्यांत काम होतं. शिवाय चित्रात कावळा नखशिखांत काळा, म्हणजे डोमकावळा. खिडकीत येणारा गावकावळा राखाडी मानेचा असतो, पण ती राखाडी मान रंगवायला कुणाला वेळ नाही. असो.

आता कावळा खरंच असं करतो का, ते. २००९ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी चार पक्ष्यांची इसापाचीच परीक्षा घेतली. पक्षी रूक जातीचे, कावळ्याचे युरोपातले भाऊबंद, चोचीच्या बुडाशी पिसं नसलेले. नावं कुक, फ्राय, कॉनेली आणि मन्रो. उभी पारदर्शक नळी, तिच्यात थोडं पाणी, पाण्यावर तरंगणारी अळी, चोच पोचत नाही. शेजारी खडे. कुक आणि फ्रायने पहिल्याच फेरीत खडे टाकून अळी मिळवली. उरलेल्या दोघांना दुसरी फेरी लागली. मग मोठे आणि लहान खडे एकत्र ठेवले, तर काही फेऱ्यांत पक्षी मोठेच उचलायला लागले. मग दोन नळ्या, एकीत पाणी आणि एकीत लाकडाचा भुसा. भुशात खडा नुसता वर बसतो, अळी जागची हलत नाही. पक्ष्यांनी भुसा सोडला आणि पाण्याची नळी धरली.

एक गोष्ट सांगायलाच हवी. खडा टाकला की खाऊ मिळतो, हे या पक्ष्यांना आधीच्या एका वेगळ्या प्रयोगातून ठाऊक होतं. बातम्यांमधून नेमकं हेच गळतं आणि कावळा एकदम आर्किमिडीज होतो.

पुढे २०१४ साली प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या कावळ्यांची परीक्षा झाली. तरंगणाऱ्या वस्तू टाळून त्यांनी बुडणाऱ्या निवडल्या, पोकळ सोडून भरीव निवडल्या. आणि एका नळीत पाणी जास्त, दुसरीत कमी ठेवलं, तेव्हा जास्त पाण्याची नळी धरली. म्हणजे आपला पाव पेला आणि अर्धा पेला!

पण ते दोन ठिकाणी अडले. त्यातलं एक असं. एक नळी रुंद, एक अरुंद, पाण्याची पातळी दोन्हींत सारखी. अरुंद नळीत मोजक्याच खड्यांत काम भागतं, पण ती निवड त्यांना जमली नाही. हेच घरी पोरांसमोर मांडा. एक उभट पेला, एक पसरट वाडगा, दोन्हींत बोटाच्या दोन पेरांइतकं पाणी, दोन्हींत सारखेच खडे. कुठलं पाणी आधी वर येईल, ते खडे टाकण्यापूर्वी प्रत्येकाकडून कागदावर लिहून घ्या. नंतर विचारलंत तर सगळ्यांचंच उत्तर बरोबर निघतं.

नमस्कार.