जिराफाची बाभूळ

(दृश्य: पांढरी, भेगाळलेली जमीन. मागे वाळूच्या तांबड्या टेकड्या. मध्ये काळी खोडं.)

ही झाडं जळालेली नाहीत, उन्हानं काळी पडलीत. नामिबियातल्या या जागेचं नाव डेडव्ले. कधीकाळी त्साउखाब नदीचं पाणी इथवर यायचं. टेकड्या सरकल्या, पाण्याची वाट बुजली, झाडं वाळली. त्याला आता ६०० वर्षं तरी झाली असतील. कुजायलासुद्धा ओल लागते; ती इथं नाही, म्हणून उभी आहेत.

(दृश्य: कालाहारी वाळवंट. हिरवं झाड, फांदीशी मान उंचावलेला जिराफ.)

हे त्याच जातीचं जितंजागतं झाड. आफ्रिकान्स भाषेत जिराफाला 'कामेलपेर्ड' म्हणतात, त्यावरून जिराफाचा काटा म्हणजे 'कामेलदोरिंग'. इंग्रजीत येताना जिराफ गळला आणि झाडाच्या गळ्यात उगाच उंट बांधला गेला: 'कॅमल थॉर्न', उंटाचा काटा! त्स्वाना भाषेत हा 'मोकाला'. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ली शहराजवळ २००७ साली झालेल्या राष्ट्रीय उद्यानाला तेच नाव दिलंय.

आपल्या बाभळीशी याचं नातं मात्र खरं. दोघी एकाच प्रजातीसमूहातल्या, वॅचेलिया. तेच पिवळे गोंडे, तसेच जोडीजोडीनं आलेले काटे. शेंग तेवढी वेगळी: कानासारखी वाकडी, वरून करडी मखमल. हत्ती ती आवडीनं खातात, बी शेणातून लांब जाऊन पडतं. आणि मुळं? ६० मीटर खोल गेल्याची नोंद आहे. वीस मजली इमारत जमिनीत उलटी गाडा, तेवढं.

(दृश्य: फांदीवर गवताची भली मोठी गंजी.)

कुणी कडबा रचून ठेवलाय असं वाटतं ना? खालून बघा. भोकंच भोकं. एकेका भोकात एकेक बिऱ्हाड. सुगरणीच्या गोतावळ्यातले हे पक्षी पिढ्यान् पिढ्या त्याच चाळीत भर घालत राहतात. कधी कधी त्या ओझ्यानं फांदीच मोडते.

(दृश्य: रस्त्याकडेला लाकडाच्या मोळ्या.)

या झाडाचं लाकूड लालसर, जड. निखारा तासन् तास धगधगत राहतो, म्हणून दक्षिण आफ्रिकेत मांस भाजायला याला फार मागणी. झाड वाढतं मात्र अगदी सावकाश. १९९८ च्या राष्ट्रीय वन कायद्याखाली ते संरक्षित आहे. परवान्याशिवाय तोडायचं तर नाहीच, लाकूड गोळा करणं, वाहून नेणं, विकणंही गुन्हा.

(दृश्य: संध्याकाळ. अर्धवट वाळलेलं झाड. सुक्या फांदीवरच्या घरट्यात पाखरं परततायत.)