चोरदरवाजे ठेवून लिहिलेली मालिका

मंडळी, आपल्याकडच्या रोजच्या मालिकेतला एखादा कलाकार सोडून गेला की काय होतं, हे तुम्ही-मी सगळ्यांनी पाहिलंय. सोमवारी त्याच घरात, त्याच नावानं, त्याच बायकोचा नवरा म्हणून दुसराच माणूस जेवायला बसतो. घरातलं कुणी चमकत नाही. दोन दिवस आपल्याला खटकतं, मग सवय होते. नाहीतर ते पात्र परदेशी जातं आणि त्याचं नाव घेणं हळूहळू बंद होतं. आज मी ज्या मालिकेबद्दल बोलणार आहे, तिच्या लेखकानं ही सोय मुद्दाम नाकारली. प्रत्येक बदलाची गोष्टीत किंमत मोजायची, असं त्यानं ठरवलं होतं.

मालिका अमेरिकेतली, नाव ‘बॅबिलॉन ५’. तिचा पायलट, म्हणजे आधी करून पाहिलेला नमुन्याचा भाग, फेब्रुवारी १९९३ मध्ये दाखवला गेला, नियमित भाग जानेवारी १९९४ पासून सुरू झाले आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये ती संपली. पाच पर्वं, प्रत्येकी २२ भाग, एकूण ११०. त्यातले ९२ भाग एकाच माणसानं लिहिले : जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की. तिसरं आणि चौथं पर्व तर आख्खं त्यांचं. त्या काळातल्या बहुतेक विज्ञानमालिकांत भाग संपला की सगळं पूर्ववत व्हायचं. मागच्या आठवड्यात कोसळलेलं जग या आठवड्यात कुणाला आठवायचंही नाही. स्ट्रॅझिन्स्कींना मात्र पाच वर्षांची एकच कादंबरी पडद्यावर लिहायची होती. एक अवकाशस्थानक, पाच संस्कृतींचे राजदूत, येऊ घातलेलं महायुद्ध, आणि शेवट आधीच ठरलेला.

आता पाच वर्षांचा बेत आखणं एक वेळ सोपं. पण माणसं पाच वर्षं राहतीलच कशावरून? म्हणून त्यांनी प्रत्येक पात्रासाठी एक चोरदरवाजा ठेवला होता. हा शब्दप्रयोग त्यांचाच. कलाकार गेला तर पात्र कुठून बाहेर काढायचं आणि त्याच्या वाट्याचं काम कुणाकडे सोपवायचं, याची वाट आधीच खोदून ठेवलेली. तिचा उपयोग पायलटनंतर लगेच झाला. स्थानकाची दुय्यम अधिकारी लॉरेल ताकाशिमा पुढे फितूर निघणार होती. ती भूमिका करणारी अभिनेत्री मालिकेत आली नाही, तेव्हा फितुरीचे दोन तुकडे झाले. सुरक्षाप्रमुख गॅरिबाल्डीला पाठीत गोळी घालायचं काम त्याच्याच मदतनिसाकडे गेलं, आणि मनात दडवलेलं दुसरं व्यक्तिमत्त्व टॅलिया विंटर्स या मनकवडीकडे. पुढे दुसऱ्या पर्वात टॅलियाचं काम करणारी अभिनेत्री जाणार म्हटल्यावर ते दडलेलं व्यक्तिमत्त्व वर आलं आणि टॅलिया संपली. एका अभिनेत्रीच्या जाण्यातून जन्मलेला धागा दुसरीच्या जाण्यानं पुरा झाला.

पण ही झाली बाजूची पात्रं. पहिलं पर्व संपलं आणि खुद्द नायकच गेला.

कमांडर जेफ्री सिंक्लेअर, म्हणजे मायकेल ओ’हेअर. आख्खं पहिलं पर्व एका कोड्यावर उभं आहे. मिनबारी ही परग्रहावरची जमात. ते पृथ्वीवासीयांशी युद्ध जिंकत आले होते, आणि विजय हातात असताना त्यांनी अचानक शरणागती पत्करली. का? त्या शेवटच्या लढाईतले चोवीस तास सिंक्लेअरच्या आठवणीतून पुसले गेलेत. उत्तर त्याच्यातच आहे. असा माणूस पहिल्या वर्षाअखेरीस निघून गेला तर गोष्टीत उरलं काय?

दुसरं पर्व नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झालं. पहिल्याच भागात सिंक्लेअरची मिनबारी ग्रहावर राजदूत म्हणून बदली झालेली आहे आणि त्याच्या जागी कॅप्टन जॉन शेरिडन आलाय, ब्रूस बॉक्सलाइटनर. स्ट्रॅझिन्स्कींनी इथे जे केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. नवा नायक म्हणजे जुन्याची छायाप्रत नव्हे. सिंक्लेअर मिनबारींच्या पसंतीनं आलेला माणूस होता. शेरिडन हा त्यांची ‘ब्लॅक स्टार’ ही युद्धनौका उडवणारा, त्यांच्या तोंडी शिवी झालेला माणूस. म्हणजे खुर्चीत दुसरा माणूस बसला आणि खोलीतल्या प्रत्येकाचं त्या खुर्चीशी असलेलं नातं बदललं. शरणागतीचं कोडंही त्याच भागात उलगडून टाकलं : सिंक्लेअरच्या देहात मिनबारी आत्मा आहे, असं त्यांना दिसलं होतं. कोड्याचा धनीच नसेल तर कोडं ताणत बसणं ही प्रेक्षकाची फसवणूक ठरली असती. वर्षभराचं भांडवल असं एका भागात खर्चून टाकायला छाती लागते.

ओ’हेअर का गेले, हे तेव्हा कुणाला कळलं नाही. परस्पर संमतीनं, एवढंच सांगितलं गेलं. चाहत्यांनी वाहिनीला दोष दिला, अभिनयाला नावं ठेवली. २०१२ मध्ये ओ’हेअर वारले आणि पुढच्या वर्षी स्ट्रॅझिन्स्कींनी चाहत्यांच्या एका मेळाव्यात खरं काय ते सांगितलं. पहिल्या पर्वाच्या चित्रीकरणातच ओ’हेअर यांना गंभीर मानसिक आजारानं गाठलं होतं. भास होत, संशय घेरत. काही महिने काम थांबवू, तुम्ही उपचार घ्या, असं स्ट्रॅझिन्स्कींनी सुचवलं होतं. त्यांनी नकार दिला, कारण काम थांबलं तर मालिका बंद पडेल आणि इतक्या जणांची नोकरी जाईल. त्या अवस्थेत त्यांनी पर्व पुरं केलं. हे गुपित मी मरेपर्यंत राखीन, असं लेखकानं म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, तुमच्या नाही, माझ्या मरणापर्यंत राखा. नंतर लोकांना कळू दे, कुणाला तरी त्याचा उपयोग होईल.

हे ऐकल्यावर मी पहिलं पर्व पुन्हा पाहिलं. सिंक्लेअरचं अवघडलेपण, बोलताना मध्येच आत कुठेतरी जाणं, ज्याला लोक थंडपणा म्हणत, ते बघताना माझा घसा दाटून आला.

उपचारांनंतर बरं वाटल्यावर ते परत आले. १९९६ च्या मे महिन्यात, तिसऱ्या पर्वात, ‘वॉर विदाउट एंड’ हा दोन भागांचा तुकडा दाखवला गेला. सिंक्लेअर ‘बॅबिलॉन ४’ हे हरवलेलं स्थानक घेऊन हजार वर्षं मागे जातो आणि मिनबारींचा महापुरुष व्हालेन होतो. ते ज्याच्या नावानं शपथा घेतात, तो हाच. आत्म्याचं कोडंही तिथेच खऱ्या अर्थानं सुटतं. पहिल्या पर्वात झॅथ्रस नावाचं एक विक्षिप्त पात्र ‘तो एक’ असं म्हणत असतं. इथे तेच पात्र सांगतं की ‘तो एक’ म्हणजे तिघं : सिंक्लेअर आरंभ, मिनबारी राजदूत डेलेन मध्य, शेरिडन शेवट. नायक बदलावा लागला ही निर्मितीतली अडचण. ती पुराणकथेचा गाभा होऊन बसली. अशी सांधेजोड मी दूरचित्रवाणीवर दुसरीकडे पाहिलेली नाही.

सगळंच असं साधलं नाही. चौथ्या पर्वाच्या वेळी संकट निराळं होतं. मालिका ज्या वाहिनीसमूहासाठी बनत होती, तोच मोडकळीला आला. पाचवं पर्व मिळेल याची खात्री राहिली नाही. मग स्ट्रॅझिन्स्कींनी दोन वर्षांची गोष्ट एका वर्षात बसवायला घेतली. ‘सावल्या’ नावाच्या प्राचीन परग्रही शत्रूंशी होणारं महायुद्ध, ज्याची तीन वर्षं वाट पाहिली, ते सहाव्याच भागात संपतं, आणि संपतं ते शेरिडनच्या रागावलेल्या भाषणावर. विचार उत्तम आहे : भांडणाऱ्या वडीलधाऱ्यांना, म्हणजे प्राचीन जमातींना, मुलांनी घराबाहेर काढणं. पण श्वास घ्यायला जागाच नाही. एवढ्या मोठ्या युद्धाला आणखी तीन-चार भाग हवे होते, असं माझं ठाम मत आहे.

या घाईचा फायदाही झाला. पृथ्वीवरच्या हुकूमशाहीविरुद्धचं बंड इतक्या वेगानं पुढे सरकतं की उठवत नाही. शेरिडनच्या चौकशीचा, जवळजवळ एका खोलीतच घडणारा अठरावा भाग मुळात पर्वाचा शेवट असणार होता. नव्या वेळापत्रकात तो मध्ये आला. गंमत अशी की अमेरिकेत जूनमध्ये तो दाखवल्यावर पुढचा भाग थेट ऑक्टोबरात लागला. प्रेक्षकांना त्या खोलीत ठरल्याप्रमाणे ताटकळावंच लागलं.

आणि मग टीएनटी या वाहिनीनं पाचवं पर्व दिलं. तोवर मालिकेचा शेवटचा भाग ‘स्लीपिंग इन लाइट’ चित्रित होऊन तयार होता. तो बाजूला ठेवून चौथ्या पर्वासाठी नवा शेवट करावा लागला. त्यातच स्थानकाची दुय्यम अधिकारी सुसान इव्हानोव्हा हिचं काम करणारी क्लॉडिया ख्रिश्चन मालिकेबाहेर गेली. कराराच्या बोलणीत काय बिनसलं, याबद्दल दोन्ही बाजू वेगवेगळं सांगतात. मनकवड्यांचा पुढारी बायरन याच्यावर जीव जडण्याचा धागा इव्हानोव्हासाठी राखलेला होता. तो लिटा अलेक्झांडर या दुसऱ्या मनकवडीकडे गेला. कागदावर ठीक. पण इव्हानोव्हानं स्वतःची थोडीशी मनकवडी शक्ती आयुष्यभर लपवली होती, त्या शक्तीपायी तिची आई गेली होती. हा धागा तिच्या हाती असता तर ते जुनं दुःख उघडं पडलं असतं. लिटाकडे राग आहे, पण ती लपवाछपवी नाही. पाचव्या पर्वाचा पूर्वार्ध त्यामुळे सैल पडला. चोरदरवाजातून पात्र बाहेर काढता येतं, त्याचा भूतकाळ दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही.

अखेर २५ नोव्हेंबर १९९८ ला तो राखून ठेवलेला भाग लागला. गोष्टीत वीस वर्षं उलटलीत, शेरिडनचं आयुष्य सरत आलंय, तो जुन्या सोबत्यांना बोलावतो. पाचव्या पर्वात स्थानक सांभाळणारी नवी कॅप्टन लॉक्ली त्यात कुठेच नाही, कारण चित्रीकरण झालं तेव्हा ते पात्रच अस्तित्वात नव्हतं. आणि जिला प्रेक्षकांनी पर्वभर पाहिलं नव्हतं, ती इव्हानोव्हा त्या टेबलाशी बसलेली आहे. शेवटी रिकाम्या स्थानकात एक तंत्रज्ञ येतो, इकडेतिकडे पाहतो आणि दिवे मालवतो. ती छोटीशी भूमिका स्ट्रॅझिन्स्कींनी स्वतः केली आहे.